लागू नाही

सोमवार, ३० जून

त्या पोरसवदा डॉक्टरने सांगितलंय, कातडी रोज किती त्रास देते ते संध्याकाळी लिहून ठेवा. तर लिहिते: देत नाही. संपलं.

पण वही ओल्फाने आणलीय, चांगली जाड आहे. एका ओळीवर सोडली तर लेक म्हणायची, उम्मीने पुन्हा हात झटकले. म्हणून आज काय झालं तेही लिहिते.

डॉक्टरचं नाव मुहिब. ट्यूनिसहून आलाय. मिशी यावं की न यावं या विचारात अजून. मला खाला म्हणतो, सख्ख्या मावशीसारखं, ते बरं वाटलं. आधीची डॉक्टरीण 'मादाम' म्हणायची आणि भिंतीकडे बघून मलम लिहायची. याने एक पुठ्ठा घेतला, माझा उजवा हात बोटं जुळवून त्यावर ठेवला, कडेने पेन्सिल फिरवली आणि हाताचा आकार कापून काढला. म्हणाला, ज्याचा त्याचा पंजा म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण शंभरावा भाग. हातमोजा घालायचा विसरला होता. मी काही बोलले नाही, नवीन आहे बिचारा.

मग तो पुठ्ठ्याचा हात माझ्या कोपरांवर, पाठीवर, नडग्यांवर ठेवत मोजत गेला. सोरायसिस सतरा हात भरला. मी म्हटलं, पंधराला दे. हसला नाही. मग लाली किती, खवले किती, जाडी किती, सगळ्याला वेगळे गुण. शाळेत शिवणाच्या बाई द्यायच्या तसे. त्यांची काहीतरी बेरीज-गुणाकार करून माझ्या अंगाला सोळा गुण मिळाले.

नंतर दुसरा कागद. दहा प्रश्न, गेल्या आठवड्यात कातडीपायी आयुष्यात काय काय अडलं. उत्तरं चार: फार, बरंच, थोडं, मुळीच नाही. आणि टोकाला एक एकटा चौकोन, लागू नाही. मला तो चौकोन फार आवडला.

समुद्रावर जाता का? महदियाचा समुद्र आता पूर्वीचा राहिलेला नाही, मी जात नाही. लागू नाही. नोकरीत अडचण? पोस्टातून मी मुदतीआधीच निवृत्त झाले, नव्या साहेबाच्या तोंडाला कांद्याचा वास यायचा. लागू नाही. बाजारहाट? ओल्फा करते. लागू नाही. मित्रमैत्रिणी? शेजारच्या वसीलाशी मी तीन उन्हाळे बोलत नाही. लागू नाही. कपडे? मला लांब बाह्या शोभतात. मुळीच नाही. खाज, आग, दुखणं? हम्दुल्लाह. डॉक्टर पेन थांबवून म्हणाला, "खाला, हम्दुल्लाहला किती गुण देऊ?" मी म्हटलं, देवाचे आभार मानायला गुण लागत नाहीत.

एकूण शून्य. अंग सोळा, आयुष्य शून्य. मला वाटलं, चांगली बातमी आहे. तर त्याचं तोंड पडलं. सोरायसिसवरची ती महागडी सुई सरकारी समिती फुकट देते, पण दोन्ही आकडे दहाच्या वर असतील तरच. बाहेर बाकावर ओल्फा बसली होती. मी नापास होऊन आल्यासारखी बघायला लागली.

सुईशिवाय माझं काही अडलेलं नाही.


गुरुवार, ३ जुलै

पुठ्ठ्याचा हात मी पर्समध्ये टाकून घरी आणला होता. हात माझा, इस्पितळाने कशाला ठेवून घ्यायचा? स्वयंपाकघराच्या दारावरच्या खिळ्याला टांगलाय. दृष्ट लागू नये म्हणून लावतात त्या पंज्यासारखा दिसतो, फक्त त्यात डोळा नाही.

बेकरीवाली रुकैया पाव द्यायला आली तर बघतच राहिली. हा कुठून आणला? मी म्हटलं, इस्पितळात एक तरुण शेख आहे, पांढरा झगा घालतो, आपल्या हाताने कापून देतो. फार कडक आहे, मागून घ्यावा लागतो, सहसा देत नाही. खोटं यात एक अक्षर नाही. रुकैया पाव मोजायची विसरली.


रविवार, ६ जुलै

त्या हाताने आता मी सगळं मोजते. मांजर तीन हात. कलिंगड सात. ओल्फाच्या होणाऱ्या नवऱ्याचं, रऊफचं, कपाळ पूर्ण एक हात आणि वाढतंय, पण मुलगा चांगला आहे म्हणून बोलले नाही.

आज त्याची आई आली होती, बकलावा घेऊन. बाईंची पाठ डोळ्यांनीच मोजली, सहज चाळीस हात. मी जाळीचे पांढरे मोजे घातले होते. "जुलैत हातमोजे?" म्हणाल्या. मी म्हटलं, पॅरिसला सध्या हेच चाललंय. त्यांनी लगेच आपले हात मांडीखाली लपवले.

मेंदीची रात्र ठरली, सत्तावीस ऑगस्ट. नवरीच्या तळव्यावर पहिली मेंदी आईने लावायची, ही आमच्या घराची रीत. मी सांगून टाकलं की आत्या लावेल, तिचा हात हलका आहे. यात काय एवढं? ओल्फा कॉफी बघते म्हणून आत गेली ती पाहुणे उठेपर्यंत आलीच नाही. डोळे लाल करून आली. कांदा चिरत असेल, मी विचारलं नाही.


शनिवार, १२ जुलै

आज वसीलाच्या अंगणात वर्षाचं वाळवण, गल्लीतल्या साऱ्या बायका कुसकुस वळायला. मी गेले नाही. मला वेळ कुठे आहे?

सकाळपासून गच्चीवर होते, चादरी वाळत घालायच्या होत्या. त्या दुपारीच वाळल्या, पण नीट वाळू द्याव्यात म्हणून तिथेच बसले, मधल्या दोन चादरींच्या फटीत. वरून सगळं दिसतं. काय ते वळणं! रव्यावर मिठाचं पाणी शिंपडायचं ते पाऊस पडल्यासारखं ओततात. दाणे म्हणावेत की गोट्या? रुकैया तर तळव्याने चेंगरते. वळायचं बोटांच्या टोकांनी, गोल, हलकं, रव्याला कळूसुद्धा नये. आमच्या दोघींच्या परातीतलं कुसकुस पूर्वी गल्ली ओळखायची. वसीला वळायची, मी चाळायची, मग मी वळायची, ती चाळायची.

तीन वर्षांपूर्वी याच अंगणात, सगळ्यांच्या देखत, तिने माझ्या हाताखालून परात ओढून घेतली होती. एक शब्द न बोलता. मी उठून आले ती आले.

आज तिच्या शेजारची चटई रिकामी होती आणि त्यावर माझी जुनी चाळणी ठेवलेली. रुकैया बसायला गेली तर वसीलाने तिला उठवलं. मला डिवचायला, दुसरं काय. मी वर आहे हे तिला ठाऊक असणार. चादरींखालून पाय दिसत असतील.

संध्याकाळी तिने झाकून ताटली पाठवली, नव्या कुसकुसची पहिली वाफ, लोणी घालून. ताटलीत चमचे दोन. एकटीच्या घरी दोन चमचे पाठवतात? ओल्फा रऊफकडे आहे हे तिला माहीत होतं. हल्ली तिचं डोकं ठिकाणावर नसतं. दाणे चांगले होते. सगळं खाल्लं.


मंगळवार, १५ जुलै

इस्पितळ. मुहिब चिडलेला. त्याच्या दारात बायकांची रांग, कातडी एकीचीही बिघडलेली नाही, सगळ्यांना हात कापून हवेत. एकीने म्हणे सुनेच्या हाताचं माप पाठवलं होतं, मूल होण्यासाठी. "खाला, हे कुणी सुरू केलं?" मी छताकडे बघितलं.

मग पुन्हा तोच कागद. मी पुन्हा तेच चौकोन भरले. त्याने कागद घेतला नाही. समुद्रावर शेवटचं कधी गेलात, एवढंच विचारलं. मी म्हटलं, पाणी घाण असतं. तो म्हणाला, घाण कधीपासून? मी म्हटलं, असेल पंधरा-सोळा वर्षांपासून. आणि कातडी कधीपासून? मी म्हटलं, बाळा, तुझ्या आईने तुला मोठ्यांची उलटतपासणी घ्यायला शिकवलंय का?

त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "या कागदात एक खोट आहे, खाला. लागू नाहीला शून्य गुण. थोडं अडतं त्याला एक, बरंच अडतं त्याला दोन. आणि ज्याने अडतंय म्हणून सगळं सोडूनच दिलं, त्याला शून्य. या कागदाच्या हिशेबाने जगातला सगळ्यात सुखी माणूस कोण माहितीय? मेलेला. त्याला काहीच लागू नाही."

मला हसू आलं. खरंच आलं. परत येताना बसमध्येही येत होतं, मग यायचं थांबलं.


बुधवार, १६ जुलै

मेलेला म्हणे. काय पण बोलणं. माझी प्रकृती उत्तम आहे.


शनिवार, १९ जुलै

ओल्फाशी भांडण झालं. मी सहज म्हटलं, आत्याला मेंदीच्या रात्रीसाठी नवा झगा शिवायला सांग. तिने हातातली वस्तू खाली ठेवली. म्हणाली, तू नाही लावलीस तर मी मेंदीच लावणार नाही. मी म्हटलं, चार लोकांच्या दिव्यांत हा हात पुढे करू? हात दाखवून अवलक्षण? झाकली मूठ सव्वा लाखाची असते बयो. तुझ्या सासूने बघितलं तर तिला वाटेल लेकीलाही होईल.

"होईल तर होईल," ती म्हणाली. "तुझं नाक मला आलंय, तुझा राग आलाय, हेही येईल. उम्मी, मी शाळेत जाताना तू माझा हात धरायचीस. मग एक दिवस बाही धरायला लागलीस. मला वाटलं मी काहीतरी चुकले. माझ्या लग्नातही तुझं लागू नाहीच का?"

मला त्या बाहीचं काही आठवत नाही. मुलं काहीही लक्षात ठेवतात. मी तिला म्हटलं, तेव्हा तुझे हात नेहमी जॅमने चिकट असायचे.

ती झोपायला गेली. मी उगाच मांजराशी भांडले.


रविवार, २० जुलै

वसीलाकडे गेले. चाळणी परत आणायला. माझी चाळणी तिच्याकडे कशाला?

तिने दार उघडलं, "आलीस?" म्हणाली आणि कॉफी ठेवली. तीन वर्षांनी हे एवढंच. मी उभीच राहिले. म्हटलं, बसायला आले नाही, माझी वस्तू दे. ती म्हणाली, घे की, चटईवर ठेवलीच होती, गच्चीवरून दिसली नाही का?

मग मात्र माझी जीभ सुटली. म्हटलं, सगळ्या गल्लीसमोर माझ्या हाताखालची परात ओढलीस, माझी किळस आली तर घरी येऊन सांगायचं होतंस. तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी भाषाच बदललीय.

"किळस?" ती म्हणाली. "अगं मेले, तुझी बोटं फुटली होती. रवा लाल व्हायला लागला होता. मिठाच्या पाण्यात हात घालत होतीस आणि मी विचारलं की हम्दुल्लाह म्हणत होतीस. डोळ्यांतून पाणी, तोंडात हम्दुल्लाह. परात ओढली नसती तर तू मेली असतीस पण थांबली नसतीस. कुणाला कळायच्या आत मी तो रवा उकिरड्यावर टाकला. आणि तुझ्यापुढे चाळणी सरकवायला वळले, तर तू गायब."

मी म्हटलं, बोलता येत नव्हतं? ती म्हणाली, तुला ऐकता येत नव्हतं. तीन वर्षं तुझ्या दारातून परत जातेय, तू आतून ओरडतेस, घरात कुणी नाही.

हे खरं आहे. मी तसं ओरडायचे.

मी तिला माफ वगैरे केलेलं नाही. कॉफी प्यायले, दोनदा. चाळणी तिथेच राहिली.


मंगळवार, २२ जुलै

आज वसीला माझ्याबरोबर इस्पितळात आली. मी बोलावलं नव्हतं. बसस्टॉपवर उभीच होती, डोक्याला चांगला रुमाल बांधून. मुहिबने पहिला प्रश्न वाचला, खाज. मी म्हटलं, हम्दुल्लाह. वसीला म्हणाली, "हम्दुल्लाह, फार. आमच्या दोघींच्या मधली भिंत पातळ आहे डॉक्टर, ही रात्रभर दाराच्या चौकटीला पाठ घासते. मला वाटायचं चोर."

फार. तीन गुण.

समुद्र? मी तोंड उघडलं, तर ही म्हणे, लग्नाआधी ही दिवसभर पाण्यात असायची, हिची आई किनाऱ्यावरून चप्पल दाखवायची तेव्हा बाहेर यायची. समुद्र घाण झालेला नाही, मी परवाच बुडी मारून आले. फार. नोकरी? त्या साहेबाच्या तोंडाला कांद्याचा वास नव्हताच, लोक हिच्या हातातून तिकिटं घ्यायचे नाहीत, खिडकीत ठेव म्हणायचे. हे तिला कुणी सांगितलं मला माहीत नाही. मी तर कुणाला सांगितलेलं नव्हतं. ती म्हणाली, "मी रांगेत असायचे ना गं. तुझ्याच हातातून घ्यायला." फार.

मैत्रिणी? दोघी एकदम बोललो. कपडे? तिने माझी बाही कोपरापर्यंत वर केली, मी खाली ओढली, तिने वर केली. मुहिब म्हणाला, समजलं, बाही राहू द्या. बाजारहाटाच्या प्रश्नावर मी घासाघीस सुरू केली, म्हटलं हे थोडं लिही, बरंच नको. वसीला अडून बसली. शेवटी बरंच झालं. कोंबडी घेताना आम्ही दोघी असंच करायचो, फक्त एकाच बाजूने.

एक प्रश्न नवराबायकोचा होता. मुहिबने तो टेबलाकडे बघून वाचला, कान लाल. इब्राहिमला जाऊन अकरा वर्षं झाली. तिथे वसीला काही बोलली नाही. मुहिबने आपल्या हाताने चौकोन भरला, लागू नाही. तेवढा एकच खरा निघाला.

बेरीज तेवीस. तीसपैकी. आयुष्यात एवढे गुण मला कशातच मिळाले नव्हते. वसीला दारापर्यंत सांगत होती की चोवीस हवे होते, बाजाराचा एक कापला.

घरी येऊन तो आकडा पुन्हा बघितला आणि रडले. लिहून ठेवते, कारण विचारलंय: आज त्रास झाला. फार.


गुरुवार, १४ ऑगस्ट

समितीने सुई मंजूर केली. पण औषध यायचं सप्टेंबरात. म्हणजे मेंदीला हात आहे तोच.

मुहिबला विचारलं, चालेल का? तो म्हणाला, शुद्ध मेंदी असेल, काळा रंग मिसळलेली नको, आणि भेगा भरल्या असतील तर चालेल. मी म्हटलं, ते नाही विचारलं रे. तो म्हणाला, मग ते तुम्ही ठरवा, त्याचा प्रश्न कागदावर नाही.


गुरुवार, २८ ऑगस्ट

काल मेंदी झाली. अंगण भरलेलं, दरबुका वाजतोय, बायका जिभा हलवून किलकाऱ्या घालताहेत. मी जाळीचे मोजे घालून बसले होते. समोर रऊफच्या आईनेही तसेच मोजे घातलेले, आणि तिच्या तिन्ही बहिणींनीही. पॅरिस सगळीकडे पोचलं होतं.

मेंदीचा वाडगा आला. आत्या नव्या झग्यात पुढे सरसावली. ओल्फाने मूठ मिटून घेतली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसती मिटलेली मूठ मांडीवर ठेवून बसली. माझाच राग तिच्यात उतरलाय, खरं आहे.

मी मोजे काढले. अंगण गप्प झालं की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. वसीला शेजारी होती, तिने वाडगा पुढे केला. मी एक बोट बुडवणार, तर त्या बयेने मनगट धरून माझा अख्खा तळवा मेंदीत दाबला. म्हणाली, "ठिपका कसला लावतेस पोस्टाच्या शिक्क्यासारखा? सगळा हात दे."

झोंबलं. ओल्फाने मूठ उघडली. मी तळव्यावर तळवा ठेवला, बोटांवर बोटं, आणि दाबून धरला. माझ्या अंगाचा शंभरावा भाग. तिची बोटं आता माझ्यापेक्षा लांब आहेत, हे मला माहीतच नव्हतं. कळणार तरी कसं? तिने हात सोडला नाही, मीही सोडला नाही. दोघींची मेंदी वाळली तेव्हा वसीलाला गरम पाणी आणून आम्हाला सोडवावं लागलं.

रऊफची आई मोजे पर्समध्ये टाकून म्हणाली, मेल्यात फार उकडतं. मी म्हटलं, पॅरिसला थंडी असते.


मंगळवार, २ सप्टेंबर

पहिली सुई आज. त्याआधी सुरुवातीचे गुण पुन्हा घ्यायचे होते. मुहिबने माझा हात उलटा केला, सुलटा केला, खिडकीपाशी नेला. मेंदी चांगली रंगली होती, मनगटापर्यंत, विटेसारखी. खवले थोडे, जाडी थोडी, ते लिहिलं. लालीपाशी अडला. भिंगातून बघितलं, दिवा लावला, तरी कातडी कुठली आणि मेंदी कुठली त्याला कळेना.

"आता लालीला काय लिहू, खाला?"

मी पेन त्याच्या हातातून घेतलं आणि कागदावर तसा चौकोन नव्हता, तो काढला. शेजारी लिहिलं, लागू नाही.

इस्पितळातून निघालो तेव्हा ऊन होतं. वसीला म्हणाली, किनाऱ्याने जाऊ या का, घाण आहे म्हणतात. मी म्हटलं, चल, एकदा मोजून बघू. पुठ्ठ्याचा हात पर्समध्ये होताच.